दोन विंचू, दोन उतारे

महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली रुजू झाले, तेव्हा कोकणात लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे आणि लहान मुले मरत होती. ती नेमकी कशाने मरतात, याचा उलगडा झालेला नव्हता. विंचू चावला की लोक आधी भगताकडे धावत. तो मंत्र म्हणे, अंगारा लावी, विंचू उतरवी. बरेच जण खरोखर बरे होत. काहींना मात्र दरदरून घाम सुटे, ओकाऱ्या होत, हातपाय गार पडत, छातीत घरघर लागे आणि तोंडाला गुलाबी फेस येऊन काही तासांत सगळे संपे.

बावस्करांनी अशा रुग्णांच्या उशाशी रात्री काढल्या. नाडी, रक्तदाब, श्वास यांच्या नोंदी ठेवल्या. विषामुळे शरीर स्वतःचीच उत्तेजक द्रव्ये भरमसाट सोडते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी भरते, असे चित्र त्या नोंदींतून स्पष्ट झाले. मग रक्तवाहिन्या सैल करणारी, रक्तदाबावर वापरली जाणारी प्राझोसिन नावाची साधी गोळी त्यांनी देऊन पाहिली. ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९८२ आणि १९८६ साली त्यांचे निष्कर्ष छापून आले. गंभीर रुग्णांत पूर्वी शंभरांतले सुमारे तीस-चाळीस जण दगावत, ते प्रमाण पुढे एकदोनवर आले. बावस्कर तिथेही थांबले नाहीत. नुसती प्राझोसिन आणि प्राझोसिनच्या जोडीला विंचवावरची प्रतिविषलस, असे दोन गट करून त्यांनी पुन्हा तुलना केली आणि लस दिलेले रुग्ण लवकर बरे होतात हे २०११ साली ‘बीएमजे’त मांडले. आपल्याच उपायाला पुन्हा कसाला लावणे ही मला या साऱ्या कामातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

मराठी माणसाला आणखी एक विंचू ठाऊक आहे. सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी भारुडात आणलेला. तो कामक्रोधाचा विंचू. तो चावला की सर्वांगाची आग होते, आणि त्यावर नाथांनी सांगितलेला उतारा म्हणजे तमोगुण मागे सारून सत्त्वगुण अंगी लावणे. या विंचवावर प्राझोसिन चालत नाही. बिरवाडीत आलेल्या रुग्णावर सत्त्वगुण चालत नाही. एवढे कोणीही कबूल करील. तरीही अध्यात्मातल्या श्रद्धेला भौतिक जगासारखाच पुरावा मागावा का, हा वाद निघाला की आपण हा साधा भेद विसरतो. एक बाजू म्हणते, प्रयोगशाळेत सिद्ध होत नाही ते सगळे खोटे. दुसरी म्हणते, श्रद्धेला पुरावा मागणेच मूर्खपणाचे. माझ्या मते आधी एवढेच पाहावे की ही श्रद्धा कोणता विंचू उतरवल्याचे सांगते आहे. बाहेरचा विंचू उतरवल्याचे सांगत असेल, तर तिला बाहेरचाच पुरावा द्यावा लागेल. त्यात सवलत नाही.

हा पाश्चात्त्यांकडून उसना आणलेला निकष आहे, असे कोणाला वाटत असेल तर त्याने आपल्याच दर्शनशास्त्रांकडे वळावे. ज्ञान कशाच्या आधारे ग्राह्य धरायचे यावर भारतात शेकडो वर्षे कडाक्याचा वाद झाला. चार्वाकांनी फक्त प्रत्यक्ष मानले. बौद्धांनी आणि वैशेषिकांनी प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोन प्रमाणे मानली. सांख्यांनी त्यात शब्दप्रमाण, म्हणजे विश्वासार्ह वचन, घातले, नैयायिकांनी उपमान, म्हणजे साम्यावरून होणारे ज्ञान, घालून चार केली, तर कुमारिल भट्टांचे मीमांसक आणि अद्वैती सहापर्यंत गेले. या वादात श्रद्धावान विरुद्ध नास्तिक अशा सरळ दोन फळ्या कधीच नव्हत्या. वेदांना शिरोधार्य मानणारे मीमांसक जगाचा कर्ता ईश्वर मानत नव्हते. याच कुमारिलांनी योग्यांना अतींद्रिय गोष्टी प्रत्यक्ष दिसतात हा दावा खोडून काढला. अमुक एक पुरुष सर्वज्ञ आहे हे ओळखायला ओळखणाराही सर्वज्ञच असावा लागेल, हा त्यांचा मुद्दा आजही प्रत्येक बुवाच्या दरबारात विचारण्याजोगा आहे.

भगताकडे गेलेले बरेच जण बरे होत, ते का, याचे उत्तर नैयायिकांच्या हत्यारांनी फार नेमके देता येते. डोंगरावर धूर दिसला, तेव्हा तिथे विस्तव आहे, हे त्यांचे प्रसिद्ध अनुमान. धूर तिथे विस्तव, हा अव्यभिचारी संबंध म्हणजे व्याप्ती. पण उलटे म्हणता येत नाही. विस्तव आहे म्हणून धूर असेलच असे नाही. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. धूर यायला ओले लाकूड लागते. हे ओले लाकूड म्हणजे नैयायिकांची ‘उपाधी’: मधेच दडलेली अट, जी लक्षात आली नाही तर माणूस खोटी व्याप्ती खरी मानून बसतो.

आता विंचवाकडे या. काळा मोठा विंचू दिसायला भयंकर, पण त्याचे विष सौम्य. लाल विंचवाच्या दंशातही अनेकदा वेदना तेवढ्या जागेपुरत्या राहतात आणि काही तासांत, फार तर दिवसभरात ओसरतात. सापांचेही तसेच. महाराष्ट्रात माणसाच्या जिवावर बेतणारे साप मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. बाकीचे बहुतेक बिनविषारी किंवा सौम्य विषाचे. शिवाय विषारी साप चावला तरी दर वेळी तो विष टोचतोच असे नाही. म्हणजे भगताच्या दारात येणाऱ्यांपैकी पुष्कळ जण काहीही न करता वाचणारच होते. ‘मंत्र म्हटला म्हणून उतरला’ या विधानात ‘मुळात विष थोडेच होते’ ही उपाधी दडलेली आहे. गावाच्या आठवणीत मात्र वाचलेले राहतात, आणि जो गेला त्याच्याबद्दल म्हणतात, आणायला उशीर झाला. भगत प्रामाणिक असू शकतो, वाचलेला माणूसही खोटे बोलत नसतो. दोघांचाही अनुभव खरा असतो आणि त्यातून काढलेला निष्कर्ष चुकलेला असतो. ‘माझा स्वतःचा अनुभव आहे’ या वाक्यापुढे आपण चटकन गप्प होतो. अनुभव आणि अनुमान यांतली ही फट दिसली, तर गप्प होण्याचे कारण उरत नाही.

ही उपाधी शोधण्याचीच पद्धत म्हणजे नियंत्रित चाचणी. ज्या गोष्टीचे श्रेय द्यायचे, ती असलेले आणि नसलेले असे दोन गट करायचे, बाकी सगळे शक्य तितके सारखे ठेवायचे, आणि तपासणाऱ्याला कोण कुठल्या गटात आहे ते कळू द्यायचे नाही. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी २००८ साली पुण्यात फलज्योतिषाची हीच परीक्षा घेतली. शाळेतल्या हुशार मुलांच्या शंभर आणि मतिमंद मुलांच्या शंभर जन्मवेळा जमवून कुंडल्या तयार केल्या. संख्याशास्त्राची बाजू पुणे विद्यापीठाच्या सुधाकर कुंटे यांनी पाहिली. अंधश्रद्धा निर्मूलनासाठी झटणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांचाही या कामात सहभाग होता. ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस कुंडल्या दिल्या आणि कोणती कुठल्या गटातली एवढेच ओळखायला सांगितले. सत्तावीस जणांनी उत्तरे पाठवली. त्यांची सरासरी शंभरात सेहेचाळीस बरोबर. एका ज्योतिषसंस्थेने सगळ्या दोनशे कुंडल्या तपासल्या, तिचे १०२ अंदाज बरोबर आले. नाणेफेक केली असती तरी असेच आकडे आले असते. २००९ साली ‘करंट सायन्स’मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला. ज्योतिषी आपल्या विद्येला शास्त्र म्हणतात. ती मुलाची बुद्धी, लग्नाचे वर्ष, नोकरीचा योग सांगते. हे सगळे बाहेरच्या जगातले दावे आहेत, म्हणून ही चाचणी तिच्यावर लादलेली नव्हती. तिने स्वतःच ओढवून घेतलेली होती.

प्रार्थनेची गोष्ट याहून अवघड आहे, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८७२ साली असा विचार केला की राजाच्या दीर्घायुष्यासाठी देशभरच्या चर्चमध्ये प्रार्थना होतात, तर राजे जास्त जगत असले पाहिजेत. त्यांनी आकडे काढले. राजांचे सरासरी आयुर्मान ६४ वर्षांच्या आसपास, म्हणजे त्यांनी तपासलेल्या सुखवस्तू वर्गांत सर्वांत कमी. अर्थात राजांच्या आयुष्यात इतरही पुष्कळ गोष्टी असतात, त्यामुळे यावरून फारसे सिद्ध होत नाही. खरी चाचणी झाली ती अमेरिकेत. हर्बर्ट बेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा रुग्णालयांतल्या, बायपास शस्त्रक्रिया होणाऱ्या १८०२ रुग्णांचे तीन गट केले. पहिल्या दोन गटांना सांगितले की तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणार नाही. प्रत्यक्षात पहिल्यासाठी झाली, दुसऱ्यासाठी झाली नाही. तिसऱ्या गटाला खात्रीने सांगितले की तुमच्यासाठी प्रार्थना होणार आहे, आणि ती झाली. २००६ साली निकाल आला. पहिल्या गटात शंभरांतल्या ५२ जणांना शस्त्रक्रियेनंतर काही ना काही गुंतागुंत झाली, दुसऱ्यात ५१ जणांना. आपल्यासाठी प्रार्थना चालली आहे हे ज्यांना पक्के माहीत होते त्यांच्यात ५९ जणांना. या अभ्यासाला पैसा पुरवणाऱ्यांत धर्म आणि विज्ञान यांचा संवाद व्हावा म्हणून काम करणारे टेम्पलटन फाउंडेशन होते. म्हणजे प्रार्थनेच्या वैऱ्यांनी रचलेला हा प्रयोग नव्हता.

यावर भाविकाचे उत्तर तयार असते आणि ते मला पोकळ वाटत नाही. देव म्हणजे औषध नव्हे की ठरलेल्या मात्रेत दिला आणि ठरलेला गुण आला. जो स्वतंत्र आहे, सर्वज्ञ आहे, तो प्रयोगाच्या आराखड्यात कसा बसेल? कोणत्या गटासाठी अनोळखी माणसे यादीतली नावे वाचत आहेत हे त्याला कळत नसेल का? हा आक्षेप मान्य करू. पण मग त्याची दुसरी बाजूही मान्य करावी लागते. शस्त्रक्रिया बिघडली तर ‘देवाची परीक्षा घेऊ नये’ आणि सुधारली तर ‘देवाने नवसाला पावून दाखवले’, असे दोन्हीकडून बोलता येत नाही. देव चाचणीच्या पलीकडे असेल, तर बरे झालेला रुग्ण त्याचा पुरावा म्हणून उभा करता येणार नाही. हा करार प्रामाणिकपणे पाळणारे भाविक मी पाहिले आहेत. आजारी माणसासाठी ते हात जोडतात, औषधाची वेळ चुकवत नाहीत आणि बरे झाल्यावर कोणाला साक्षात्काराची कथा सांगत नाहीत. त्यांच्या प्रार्थनेला मी कुठला पुरावा मागू? त्यांनी दावाच केलेला नाही.

असा करार शंकराचार्यांनी फार पूर्वी मांडून ठेवला आहे. गीताभाष्याच्या अठराव्या अध्यायात ते म्हणतात की अग्नी थंड आहे किंवा तो प्रकाश देत नाही, असे शंभर श्रुतिवचनांनी सांगितले तरी ते प्रमाण ठरणार नाही. श्रुतीचा अधिकार जे प्रत्यक्षादी प्रमाणांनी कळत नाही तेवढ्यापुरता आहे. जिथे डोळ्यांनी दिसते तिथे तिचा शब्द चालत नाही. वेद प्रमाण मानणाऱ्या आचार्याने स्वतःहून आखलेली ही सीमा आहे. रामानुजाचार्यांनी सीमेच्या दुसऱ्या बाजूचे काम केले. नैयायिक म्हणत, घडा दिसला की कुंभार असतो, तसे जग दिसते म्हणजे त्याचा कर्ता असणारच. रामानुज स्वतः निस्सीम विष्णुभक्त. पण श्रीभाष्यात त्यांनी हे अनुमान बिनतोड खोडले. जग केलेले आहे असे मानले, तरी ते एकानेच केले कशावरून? मोठी कामे तर अनेक जण मिळून करतात. ते एकाच वेळी केले कशावरून? ईश्वर शास्त्रावरूनच कळतो, अनुमानाने सिद्ध होत नाही, हा त्यांचा निष्कर्ष. भौतिक जगातल्या पुराव्यावर ईश्वर उभा केला तर तो तकलादू पाया ठरेल, हे त्यांना स्वच्छ दिसत होते. आज विज्ञानाच्या नव्या शोधांत जुन्या ग्रंथांचे समर्थन शोधणाऱ्यांनी रामानुज जरूर वाचावेत.

आता आतला विंचू. क्रोध उतरला हे कसे कळायचे? त्यालाही पुरावा असतो, तो वेगळ्या जातीचा. नामस्मरण करणारा माणूस वीस वर्षांनी घरच्यांवर कमी चिडतो का, त्याच्या मनातला मत्सर ओसरला का, हे त्याला कळते आणि त्याच्या घरच्यांना तर त्याहून अधिक कळते. यातला काही भाग बाहेरूनही मोजता येतो. जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात ध्यानावर आधारलेला कार्यक्रम सुरू केला, तेव्हापासून ताण, वेदना, नैराश्य यांवर ध्यानाचा काय परिणाम होतो याचे पुष्कळ अभ्यास झाले आहेत. पण अशा अभ्यासातून काय हाती लागते ते नीट समजून घ्यावे. विठ्ठलाच्या नामाने मन शांत होते, हे मोजता येईल. त्यावरून विठ्ठल आहे हे सिद्ध होणार नाही आणि नाही हेही सिद्ध होणार नाही.

गूढ अनुभवांचे काय? अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स यांनी १९०२ साली प्रसिद्ध झालेल्या धर्मानुभवांवरच्या आपल्या ग्रंथात साक्षात्कारी माणसांच्या हकिगतींचा मोठा धांडोळा घेतला. असा अनुभव ज्याला आला त्याच्यापुरता तो प्रमाण असतो, त्याला तो नाकारा असे आपण म्हणू शकत नाही; पण ज्यांना तो आला नाही त्यांच्यावर तो निमूट स्वीकारण्याचे कोणतेही बंधन येत नाही. जेम्स यांच्या या निष्कर्षाला आपल्याकडे एक तेजस्वी जोड आहे. ज्ञानदेवांनी ‘अमृतानुभवा’त शिवसूत्र आणि गीता यांचा हवाला दिला आणि लगेच बजावले की शिवाने किंवा श्रीकृष्णाने म्हटले आहे म्हणून आपण हे म्हणत नाही, त्यांनी म्हटले नसते तरी ते तसेच असते. ज्या काळात शब्दप्रमाणाचे वजन सर्वांत मोठे होते, त्या काळात आतल्या प्रतीतीवर एवढा भरवसा ठेवणारा हा माणूस त्याच ग्रंथात शब्दाच्या मर्यादाही दाखवतो. अनुभव शब्दापेक्षा मोठा. पण तो उसना मिळत नाही, आणि म्हणून दुसऱ्यावर लादताही येत नाही.

लबाडी सुरू होते ती दोन विंचवांची सरमिसळ करून. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात वेदांच्या प्रामाण्यासाठी एक युक्तिवाद आहे. मंत्र आणि आयुर्वेद यांची फळे पडताळता येतात, ती खरी ठरतात. मग ज्या विश्वासार्ह पुरुषांनी ते सांगितले, त्यांचे न पडताळता येणारे बोलणेही खरे मानावे. पडताळता येते तिथे परीक्षा घ्या आणि येत नाही तिथे त्या परीक्षेवर विसंबा, एवढाच त्याचा आशय. तो मांडणाऱ्यांचा हेतू शुद्ध होता. तरी त्यात एक भोक आहे. चांगला वैद्य हा परलोकाचाही जाणकार असतो, याला आधार काय? भोंदू बुवा नेमका याच भोकातून आत शिरतो. तो आधी हवेतून विभूती काढतो, पेटता कापूर जिभेवर ठेवतो, नारळातून केस किंवा कुंकू काढून दाखवतो. लोकांना वाटते, एवढे प्रत्यक्ष दिसले, मग उरलेलेही खरेच असणार. त्यानंतर तो पैसा मागतो, शरीर मागतो, औषध बंद करायला सांगतो. म्हणून चमत्काराची हातसफाई उघड करून दाखवणारा कार्यकर्ता अध्यात्माचा शत्रू ठरत नाही. खरा साधक असेल तर त्याने त्याचे आभार मानावेत.

दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला आणि त्यांनी वर्षानुवर्षे ज्यासाठी आग्रह धरला तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी महाराष्ट्रात आला. तो कायदा देवाधर्माविरुद्ध आहे असा प्रचार खूप झाला. प्रत्यक्षात यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, भजन, प्रवचन, घरातली आणि देवळातली उपासना, इतकेच काय दिवंगत संतांच्या चमत्कारांच्या कथा सांगणे, हे सगळे त्याने स्पष्ट शब्दांत बाहेर ठेवले आहे. आणि गुन्ह्यांच्या यादीत काय आहे? कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे. दोन विंचू कायद्याने असे वेगळे केले आहेत, आणि मला ते फार न्याय्य वाटते.

त्याच कायद्याने ज्योतिषांचा सल्ला, वास्तुशास्त्राचा सल्ला आणि पाणाड्याचा कौलही बाहेर ठेवला आहे. कायद्याची रेघ इजा आणि फसवणूक पाहून ओढलेली असते, खरेखोटे पाहून नव्हे, हे मी समजू शकतो. सरकारने प्रत्येक चुकीच्या समजुतीमागे पोलीस लावू नयेत. पण कायदा जिथे थांबतो तिथे घरातल्या माणसांनी थांबण्याचे कारण नाही. पाणाड्याने दाखवलेल्या जागी पाणी लागले की नाही, हे निदान बोअर मारल्यावर कळते. पत्रिकेचा हिशेब कोणी ठेवतच नाही. चांगले स्थळ ‘छत्तीसपैकी गुण कमी जुळतात’ म्हणून किंवा मुलीला मंगळ आहे म्हणून मोडले जाते, त्या बैठकीत श्रद्धेचा मान राखायचा म्हणून सगळे गप्प बसतात. तो मान इथे लागू होत नाही, कारण पत्रिका आतल्या विंचवाबद्दल बोलत नाही. ती संसार टिकेल की मोडेल हे सांगते आहे. मग जुळवून केलेल्या आणि न जुळवता केलेल्या लग्नांपैकी किती टिकली, हा हिशेब गुरुजींकडे आहे का, असे त्या बैठकीत कोणीतरी, शक्यतो मुलीच्या बापाने, मोठ्याने विचारले पाहिजे.